ओढीची वाट

डोंबिवलीतलं घर विकून आम्ही कोलशेतला टॉवरमध्ये राहायला आलो, तेव्हा मी नोकरीतून नुकतीच मोकळी झाले होते. नवऱ्याचं ऑफिस अजून चालू होतं, मुलगा बंगळूरला. डोंबिवलीत मी गॅलरीत कपडे वाळत घालायला गेले की समोरच्या बिल्डिंगमधली बाई हटकून विचारायची, "आज काय केलंय?" इथे गॅलरीतून खाली पाहिलं की पार्किंगमधल्या गाड्या दिसायच्या आणि लांबवर खाडी. विचारणारं कुणी नव्हतं. मग मी सकाळी चालायला जायला लागले.

पहिले काही दिवस सोसायटीतल्या सोसायटीतच फेऱ्या मारल्या. कंटाळा आला तेव्हा एकदा मागच्या गेटने बाहेर पडले. तो रस्ता बंद पडलेल्या एका कारखान्याच्या भिंतीपाशी संपतो. भिंतीच्या कडेने पुढे गेले तर मातीचा उंच बांध लागला. एका बाजूला तिवरांची दाट झाडी, दुसऱ्या बाजूला काळं, साचलेलं पाणी. पाण्यावर थर्माकोलचे तुकडे, बाटल्या, चपला. वास तर विचारू नका. पण मी तिथेच उभी राहिले, कारण ते पाणी सरळ होतं. पट्टीने रेघ मारावी तसं खाडीपर्यंत गेलेलं. खाडीचं पाणी आपणहून असं वाहत नाही. ते कुणीतरी हाताने खणलेलं होतं, आणि काठाकाठाने चालायला वाट ठेवलेली होती.

माझं माहेर कराडकडचं. गावाला लागून पाट होता आणि पाटाच्या कडेने शाळेला जायची वाट. पाणी सुटलं की आई गोधड्या घेऊन पाटावर जायची. मी शाळेतून येताना लांबूनच तिचं लुगडं ओळखायची आणि दप्तर टाकून पळत सुटायची. आई-वडील गेल्यावर भावाने घर आणि शेत विकलं आणि तो पुण्याला कायमचा राहायला गेला. त्याच्यावर माझा राग नाही, शेत करायला होतं कोण? पण तेव्हापासून माहेरी जायचं म्हणजे पुण्याच्या फ्लॅटवर जायचं. भाऊ-वहिनी प्रेमाने करतात सगळं. मी परत येताना मात्र दर वेळी वाटतं की जायचं तिथे जाऊन आलेच नाही.

तर त्या बांधावर मी रोज जायला लागले. एका रविवारी पाहते तर तिथे गमबूट घातलेली आठ-दहा माणसं. कुणी चिखलात उतरून प्लॅस्टिक काढतंय, कुणी घसरलेले दगड परत काठाला लावतंय. त्यांत एक पांढऱ्या केसांचे, चष्मा लावलेले गृहस्थ होते. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले इंजिनिअर. सगळे त्यांना सर म्हणायचे. मी थांबून बघतेय हे पाहून ते म्हणाले, "रोज येता वाटतं इकडे?"

"हो. हे पाणी कुठून येतं?"

"खाडीतून. भरतीला येतं आणि ओहोटीला जातं. म्हणजे जायला हवं. गाळाने तोंड बुजलंय म्हणून साचून राहतं." मग त्यांनी सगळं समजावून सांगितलं. गावामागे पूर्वी मिठागरं होती. तिथलं मीठ होड्यांतून खाडीत न्यायला हा कालवा खणला. अरुंद पाण्यात वल्हं मारता येत नाही, शीडही लावता येत नाही. म्हणून होडीला दोर बांधायचा आणि माणसांनी बांधावरून चालत ती ओढायची. "ज्या वाटेवर तुम्ही उभ्या आहात, ती त्यासाठीच आहे. गावात अजून तिला ओढीची वाट म्हणतात."

मी विचारलं, "मी आले तर चालेल?"

"न चालायला काय झालं? फक्त तिवराला हात लावायचा नाही. एक फांदीसुद्धा तोडायची नाही, तसा कायदा आहे. आपण कचरा काढायचा, दगड बसवायचे आणि वाट मोकळी ठेवायची. गाळाची परवानगी मिळाली की गाळ."

पुढच्या रविवारी मी नवऱ्याची जुनी पँट आणि किचनमधले रबरी ग्लोव्हज घालून हजर झाले. नवरा म्हणाला, "अगं, घरात मोलकरीण ठेवलीय आणि तू दुसऱ्यांचा कचरा काढायला निघालीस?" पण दुपारी मी आले तेव्हा त्यानेच आलं घालून चहा केला, आणि मी काय काय काढलं ते ऐकत बसला. एक गादी, एक कमोडचं झाकण, आणि गणपतींचे लाकडी पाट तर किती!

तिथेच मला मावशी भेटल्या. गावातल्याच, ऐंशीच्या आसपासच्या, लुगडं नेसलेल्या. त्या काठी टेकत यायच्या, आमचं एखादं घमेलं उपडं करून त्यावर बसायच्या आणि बघत राहायच्या. कुणाशी फारसं बोलायच्या नाहीत. एकदा मी पाणी प्यायला त्यांच्याजवळ बसले तेव्हा त्यांनी विचारलं, "काय करताव गो तुमी हितं दर आयतवारी?"

"कालवा साफ करतोय, मावशी."

"कालवां?" त्यांनी माझ्याकडे जरा काळजीने पाहिलं. "कालवां हितं कुठची? ती खारीत असतान, दगरावर. या चिखलात तुमाला काय एक मिलाचा नाय."

मला हसू आवरेना. खाण्याची कालवं नव्हेत, हा कालवा, पाण्याचा, असं हाताने दाखवलं तेव्हा त्याही तोंडाला पदर लावून हसल्या. "ह्यो व्हय? आमी याला चर बोलतांव." आणि मग थोड्या वेळाने, आपण होऊन म्हणाल्या, "मी या चरातून आयलू. लगीन होऊन."

त्यांचं माहेर खाडीच्या पलीकडे. तेव्हा पूल कुठला? वऱ्हाड होडीतूनच यायचं. लग्न तिकडे लागलं आणि संध्याकाळच्या भरतीला यांची होडी या कालव्यात शिरली. सासरची माणसं बांधावर दोर धरून उभी होती. त्यांनी होडी ओढत ओढत गावापर्यंत आणली. होडीत धवलारीन बसलेली, ती लग्नाची गाणी म्हणत होती, आणि मावशी घुंगटातून मागे वळून बघत होत्या. "माजा बापूस धक्क्यावर उभा व्हता. होरी चरात वळली, तवा दिसाचा बंद झाला."

पुढे कितीतरी वर्षं त्या होडीतूनच माहेरी जायच्या. मग मिठागरं बंद झाली, होड्या गेल्या, पूल झाला. रिक्षाने वळसा घालून जायचं. गुडघे गेल्यावर तेही राहिलं. पलीकडे एक धाकटा भाऊ होता, त्याचा अधूनमधून फोन यायचा. पण त्याला ऐकू कमी यायचं आणि यांना फोन धरता यायचा नाही, त्यामुळे दोघांचं बोलणं नातवंडांच्या तोंडून.

बांधाच्या खाडीकडच्या टोकाला गेलं की त्यांचं माहेर समोर दिसायचं. मला तिथे फक्त गोदामांची निळी छपरं दिसायची. मावशी बोट करून दाखवायच्या, "त्या छपराच्या मागं देऊल हाय. त्याच्या मागं आमचा घर. चिचेचा झार हाय दारात." मी हो म्हणायची. मला काही दिसायचं नाही, पण त्यांना दिसत होतं याबद्दल मला शंका नव्हती. मलाही त्या साचलेल्या काळ्या पाण्यात कधी कधी गोधड्या दिसायच्या.

मावशींचा मुलगा पन्नाशीचा. टेम्पो चालवायचा आणि जमेल तेव्हा खाडीत मासे धरायचा, त्यामुळे त्याची स्वतःची होडी होती. तो आम्हाला पाणी वगैरे आणून द्यायचा, आणि हळूहळू हातही लावायला लागला. एकदा त्याच्यासमोरच मावशी म्हणाल्या, "चर मोकला झाला ना, की मना एकदा होरीन माह्यारा जावाचा हाय."

"आये, टेम्पोन नेतू ना. अर्धा तास लागतंय."

"टेम्पोन मी दवाखान्यान जातंय. माह्यारा होरीन जातान."

मुलगा माझ्याकडे बघून हसला. पण मावशी हसत नव्हत्या. त्या रविवारपासून आमच्या कामाला एक नवीनच घाई लागली. कुणी ठरवलं नव्हतं, पण नवीन आलेल्या माणसाला आम्ही सांगायला लागलो, "त्या मावशी बसल्यात ना, त्यांना होडीतून माहेरी जायचंय." पूर्वी आम्ही नवीन लोकांना वारसा वगैरे सांगायचो. हे जास्त पटकन समजायचं.

पावसाळ्यात काम बंद राहिलं. दिवाळीनंतर परत सुरू केलं आणि त्याच सुमारास गाळाची परवानगीही मिळाली. बादल्या आणि घमेली, माणसांची रांग. माझ्या खांद्याला सूज आली म्हणून डॉक्टरांनी विश्रांती सांगितली, तर मी रांगेत न उभी राहता दगड बसवायला लागले. आणि मग एका रविवारी येऊन पाहतो तो काय, कालव्याच्या तोंडाशी कुणीतरी डेब्रिजचे ट्रक रिकामे केलेले. विटा, टाइल्स, तुटकी बेसिनं. जिथून पाणी यायला नुकतंच लागलं होतं, तिथेच ढीग. सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. एक मुलगी रडायलाच लागली. तक्रारी करून झाल्या, फोटो पाठवून झाले. ढीग जागेवर.

तेव्हा गावातल्या बायका आल्या. मावशींनीच त्यांना सांगितलं असणार, कारण त्या आल्या आणि पहिली गोष्ट हीच म्हणाल्या, "आमच्या म्हातारीला जावाचा हाय ना?" इतके दिवस त्या आम्हाला लांबून बघायच्या. टॉवरवाले लोक सुट्टीच्या दिवशी चिखलात खेळतात, असं त्यांना वाटत असावं. आता त्या पदर खोचून रांगेत उभ्या राहिल्या. मीही दुखरा खांदा विसरून रांगेत परतले. ढीग उपसायला महिन्याच्या वर गेला. माझ्या शेजारी उभी राहणारी बाई मला दर वेळी विचारायची, "आज काय केलास जेवाला?" किती दिवसांनी हे कुणीतरी मला विचारत होतं! मीही अगदी फोडणीपासून सांगायची.

पौर्णिमेच्या उधाणाला पाणी सगळ्यात वर चढतं. मावशींचा मुलगा म्हणाला, येत्या पौर्णिमेला होडी आत येईल. थंडीचे दिवस होते. सकाळी आम्ही सगळे बांधावर जमलो. पाणी चढत होतं, आणि या वेळी ते काळं नव्हतं. मातकट होतं, पण जिवंत. निवट्या, ते चिखलातले बोटभर मासे, टुणटुण उड्या मारत वर सरकत होत्या. होडी आत आली तेव्हा सर टाळ्या वाजवायला लागले आणि मग एकटेच वाजवतोय हे लक्षात येऊन थांबले. बाकीचे आम्ही नुसते बघत होतो.

मावशी हिरवं लुगडं नेसून आल्या. केसांत अबोलीचा गजरा, हातात कापडात बांधलेला डबा. त्यात तांदळाच्या भाकऱ्या आणि भावाला आवडणारं कोलंबीचं सुकं. मुलाने आणि सरांनी हाताला धरून त्यांना होडीत बसवलं. बसल्यावर त्यांनी मला हाक मारली, "ये गो, तू पन चल."

"मी? मी कशाला मावशी, तुमचं माहेर…"

"तुजा नाय ना ऱ्हायला. माज्या चल."

मी त्यांना फक्त एकदा, तेही ओझरतं, पाटाबद्दल सांगितलं होतं. मी होडीत जाऊन बसले.

इंजिनाचा पंखा कालव्यात चालवता येत नव्हता, प्लॅस्टिकमध्ये अडकला असता. म्हणून दोर बांधला आणि सर, दोन मुलं आणि गावातल्या तिघी-चौघी असे सगळे बांधावरून होडी ओढायला लागले. दोर ताठ झाला, होडी हलली. किती हळू जात होतो आम्ही, आणि किती शांत! दोर ओढणाऱ्यांच्या पावलांचा आवाज होडीत ऐकू येत होता. मावशी बारीक आवाजात काहीतरी गुणगुणत होत्या. शब्द मला कळत नव्हते.

खाडीत आल्यावर मुलाने दोर सोडला आणि इंजिन चालू केलं. वारा लागायला लागला. मावशींनी गजऱ्यावर हात धरला. पलीकडचा काठ जवळ येत गेला, निळी छपरं मोठी होत गेली. मावशी पुढे वाकून बघत होत्या. "धक्का कुठं हाय रे?" त्यांनी विचारलं.

धक्का नव्हता. त्या जागी भरावाची उतरण होती, तिच्यावर पत्र्याचं कुंपण, आणि खाली रुंद, मऊ चिखल. भरती पूर्ण होती तरी पाणी तिथवर पोचत नव्हतं. मुलाने होडी पुढे नेऊन पाहिली, ती तळाला घासली आणि थांबली. कुंपणाच्या एका फटीपाशी एक म्हातारा नातीचा हात धरून उभा होता. पांढरा सदरा, डोक्याला टोपी.

मावशी उभ्या राहायला लागल्या. मी त्यांना कमरेला धरलं. त्यांनी हाक मारली, लहान भावाला मारतात तशी, लहानपणीच्या नावाने. त्यांच्या आवाजात एवढी ताकद आहे हे मला माहीत नव्हतं. म्हाताऱ्याने दोन्ही हात वर केले आणि सरळ चिखलाकडे चालायला लागला. नात त्याला मागे ओढत होती.

"नको येव!" मावशी ओरडल्या. "रुतशील! तितंच थांब!"

"काय?"

"थांब बोलतंय!"

तो थांबला. मध्ये चिखल. इतक्या वर्षांनी भेटलेली भावंडं काय बोलतील? मला वाटलं, दोघं रडतील. मावशी म्हणाल्या, "जेवलास काय?"

"आं?"

"जेवलास?"

"नाय! तू येनार म्हनून थांबलू!"

मग त्या म्हणाल्या, चिचेचा झार कसा हाय. तो म्हणाला, तोडला, गोदामाचा रस्ता गेला तिथून. हे त्याला दोनदा ओरडून सांगावं लागलं, कारण पहिल्यांदा मावशींना ते ऐकायचं नव्हतं. मग त्या म्हणाल्या, तू बारीक झालास. तो म्हणाला, तूच. असं ते बोलत राहिले. मुलगा डबा डोक्यावर घेऊन पाण्यात उतरला आणि मांडीपर्यंत चिखल तुडवत मामापर्यंत गेला. मामाने डबा घेतला, भाच्याच्या खांद्यावर हात ठेवून उभा राहिला, आणि मग नातीच्या हातातली पिशवी त्याला दिली. त्यात वालाच्या शेंगा होत्या. घरामागच्या, एवढंच सांगितलं.

पाणी उतरायला लागलं होतं. मुलगा म्हणाला, निघायला हवं. मावशी खाली बसल्या. होडी वळली तशा त्या उलट्या तोंडाने बसल्या आणि काठाकडे बघत राहिल्या. मी त्यांचा हात धरला होता. तो गार पडला होता.

परत येईपर्यंत कालव्यातलं पाणी इतकं उतरलं की होडी आत जाईना. मग आम्ही तोंडापाशीच उतरलो आणि बांधावरून चालत निघालो. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला त्यांचा मुलगा. मावशी पावला-पावलाला थांबत होत्या. काही रडल्या नाहीत. घराजवळ आल्यावर म्हणाल्या, "शेंगा निम्म्या तू ने." मी घरी जाऊन त्या सोलल्या आणि नवऱ्याला म्हटलं, माहेरच्या आहेत. जेवताना त्याने दुसऱ्यांदा भाजी घेतली.

त्या संध्याकाळी मी पुण्याला भावाला फोन केला. नुसताच केला. तो म्हणाला, "काय गं, सगळं ठीक ना?" मी म्हटलं, "ठीक. जेवलास का?" तो म्हणाला, "सात वाजता कोण जेवतं?" आणि हसला. मग आम्ही बराच वेळ बोललो. आईच्या गोधड्यांबद्दल, पाटात पडलेल्या त्याच्या चपलेबद्दल. त्यालाही सगळं आठवत होतं. मला वाटायचं, एकटी मीच ते सांभाळून बसलेय.

उन्हाळ्याच्या तोंडाशी मावशींचा भाऊ इकडे आला, रिक्षाने, पुलावरून वळसा घालून. दोन दिवस राहायला. रविवारी मावशी त्याला बांधावर घेऊन आल्या. आम्ही त्यांच्यासाठी खाडीकडच्या टोकाला दोन घमेली उपडी करून ठेवली. सरांनी त्यांना कालवा कसा मोकळा केला ते मोठ्या आवाजात समजावून सांगितलं. म्हाताऱ्याने मान डोलावली. ऐकू किती आलं कुणास ठाऊक.

मग सगळे आपापल्या कामाला लागले. मी काठाच्या खालच्या दगडांत चिखल भरत होते आणि मधूनच वर बघत होते. दोघं शेजारी शेजारी बसले होते, खांद्याला खांदा लागेल इतके जवळ. मावशींचा भाऊ इथे, त्यांच्या बाजूला, हाताच्या अंतरावर होता. आणि तरी मावशी पलीकडच्या काठाकडे बघत होत्या. थोड्या वेळाने त्यांनी बोट करून त्याला काहीतरी दाखवलं. त्यानेही डोळ्यांवर हात धरला आणि तिकडे बघायला लागला. ऊन चढलं, भरती आली, कालव्यात पाणी शिरलं, तरी दोघं तसेच बघत बसलेले होते. आम्ही त्यांना जेवायला उठवलं नाही.